बसून मिटवूया

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्या माघारी मी आमदार झाले. राजकारणी माणसांचा तुम्हाला किती तिटकारा होता ते माहीत असल्यामुळे बहुतेक ते बरंच झालं. पण आज मी इतकी चिडले आहे की तुमच्याशिवाय कुणासमोर बोलायची सोय नाही. घरी बोलले तर म्हणतात, जरा विश्रांती घे.

तुमच्या हाताखाली सरकारी वकील म्हणून उभी राहायला लागले, तेव्हाचा एक दिवस सारखा डोळ्यांसमोर येतो. गडहिंग्लजकडचा एक म्हातारा, खून झालेल्या मुलाचा बाप, आपला मुख्य साक्षीदार. तुमचा नियमच होता, साक्षीदारानं व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं नाही. तो तुमच्या खोलीत, तुमच्या खुर्चीवर बसणार, मग तुम्हाला दारात उभं राहावं लागलं तरी चालेल. त्या दिवशी पोलिसानं त्याला बाकावरच बसवलं. आरोपीचा चुलता शेजारी येऊन टेकला, चहा मागवला, यंदा ऊस कुठल्या कारखान्याला घातला म्हणून चौकशी केली. बास. थोड्या वेळानं म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, "मला काय बी आठवत न्हाय." मी तुम्हाला समजवायला गेले की सर, एकाच गावची माणसं, बोलणारच. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "एका गावची हायत म्हणूनच सांगतोय की! धमकीला माणूस एक वेळ पुरून उरतो पोरी, शेजारी बसून पाजलेल्या चहाला न्हाय."

आता माझं काम काय, तर माणसांना शेजारी बसवून चहा पाजणं. राजारामपुरीत ऑफिस आहे. सकाळी कुणाचं तरी रक्षाविसर्जन, दुपारी लग्नं, आणि मधल्या वेळात बैठका. बांधाचं भांडण, गटारीचं भांडण, भावाभावांचं भांडण. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि म्हणायचं, बसून मिटवूया. लोक खूश असतात. याच जोरावर दुसऱ्यांदा निवडून आले. आणि जिथं मला खरंच काही करायचं होतं तिथं काय झालं? सभागृहात मी प्रश्न टाकला, आपल्याकडे सरकारी वकिलांच्या जागा रिकाम्या असल्यानं खटले रखडलेत, हे खरे आहे काय? छापील उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे." एखादा साक्षीदार असं बोलला असता तर तुम्ही त्याला घाम फोडला असता. मला मात्र गप खाली बसावं लागलं, कारण पुढचा प्रश्न पुकारला होता.

तो प्रश्न मी ज्या बाईसाठी विचारला, ती काल आली. गगनबावड्याकडची. तिची मुलगी सासरी जळून मेली, जावई आरोपी आहे, आणि सरकारी वकीलच नाही म्हणून खटला पुढे सरकत नाही. दर महिन्याला ती एसटीनं येते आणि काय झालं विचारून जाते. काल नेमका जावयाचा चुलता ऑफिसात बसला होता. तिकडच्या गावांतलं माझं निवडणुकीचं सगळं काम तोच बघतो. ती दारातच थबकली. हॉल माणसांनी भरलेला. तो उठून हसत म्हणाला, "या की विहीणबाई, बसा." आणि माझ्या तोंडून, सवयीनं, आपोआप निघालं, "या मावशी, बसा. बसून मिटवूया."

सर, मुलगी गेलेल्या आईला मी हे म्हणाले. उमेदीची सगळी वर्षं तुमच्या शेजारी उभं राहून काढलेली मी.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. "मिटवायचं असतं तर तवाच मिटवलं असतं की ताई. ही मानसं आलती घरला. मला कोर्टात बोलायचं हाय," एवढंच म्हणाली. चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली.

आज सकाळपासून मी सगळ्यांवर खेकसते आहे. पीएवर, ड्रायव्हरवर, मंत्रालयात फोन न उचलणाऱ्या त्या साहेबावर. जणू काल मी ते बोलले, ते यांच्यामुळेच. हे पत्र कुणाला टाइप करायला देणार नाही, आणि पाठवायचं तरी कुठं? पण तुमच्यापुढे खोटं बोलायची अजून हिंमत होत नाही, म्हणून राहिलेलं सांगते. ती जिना उतरत होती तेव्हा मला हाक मारता आली असती. मी त्या चुलत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि ती आणखी काही न बोलता गेली म्हणून मला हायसं वाटलं.