हाजी गेला की लिंक जाते

११ एप्रिल ९८, शनि.
ईदची सुट्टी संपली, कटकट सुरू. नईम भागातलं आमचं ऑफिस आणि सनाबिसचं गोडाऊन जोडणारी रेडिओ लिंक आज ९.५० ला गेली, १०.३५ ला आपोआप आली. दोन गच्च्या, दोन अँटेना, मधे उथळ समुद्राचा तुकडा. केबल मी ओढली, कनेक्टर मी बसवले, म्हणून बोलणीही मलाच. मॅनेजर दे. साहेब, पुण्याचे, सगळ्यांसमोर: "मेश्राम, तुमचं काम कच्चं आहे." कच्चं म्हणे! ह्या माणसाने आयुष्यात एक कनेक्टर बसवलेला नाही.

१२ रवि.
कनेक्टर सगळे नवे. केबलही बदलली. १०.३० ला परत गेली.

१३ सोम.
साहेबांचा हुकूम, अँटेना उंच करा. दीड मीटर उंच केली. उन्हाने डोकं भणभणलं. ११.१० ला गेलीच. साहेब गच्चीवर फिरकले नाहीत, खालून फोनवर "काय झालं, काय झालं".

१४ मंगळ.
११.५० ला गेली. साहेबांनी टाइप केलेला रिपोर्ट पुढे सरकवला. 'इन्स्टॉलेशन सदोष. जबाबदार: मेश्राम.' सही करा, मग तुमच्या व्हिसाचं बघू. व्हिसा ३० ला संपतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.
मी म्हटलं, न वाचता सही करत नाही, आणि आता वाचलाय, म्हणून तर नाहीच.
संध्याकाळी आमच्या खोलीवर जयंती. मेणबत्त्या, खीर, वीसेक माणसं. खीर खाताना बाबा आठवले. कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर समोर येईल त्या कागदावर अंगठा दिला, कागदात काय आहे कोणी सांगितलं नाही. मला शाळेत घातलं ते ह्याच रागाने. तो राग आज कामी आला.

१५ बुध.
साहेबांना नवा साक्षात्कार. गोडाऊनचा वॉचमन हाजी, इथलाच अरब म्हातारा. म्हणे, लिंक जाते तेव्हा हा नेमका गेटवर नसतो, म्हणजे जाताना प्लग काढतो. "त्याचं नाव टाकतो, तुमचं काढतो. करा सही."
खोटं का लिहू, दोन मिनिटं मोह झाला. घरभाडं, पोरीची शाळा, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग स्वतःचीच शरम वाटली. सही नाही.
पण हाजी नसतो ही गोष्ट मात्र खरी. दुपारी जाऊन त्यालाच विचारलं, रोज कुठे जाता? हसला. त्याचा हद्रा आहे किनाऱ्याजवळ, काठ्यांचं कुंपण. ओहोटीला मासे त्यात अडकतात, ते काढायला जातो. मी म्हटलं, मग रोज वेगळ्या वेळी का?
"हम घडी नहीं देखता. पानी देखता. पानी मफी, मछली जास्ती." मफी म्हणजे नाही.
बसल्या जागी ही वही उघडली. ९.५०, १०.३०, ११.१०, ११.५०. रोज चाळीस मिनिटं पुढे. आज १२.३०. प्लग नाही, कनेक्टर नाही, ओहोटी! पाणी खाली गेलं की त्यावरून उलटून येणारी लहर सरळ लहरीला मारते. गाढव मी, पाच दिवस समुद्राकडे पाठ करून स्क्रू पिळत बसलो.

१६ गुरु.
साहेबांना सांगितलं: अँटेना उंच नको, खाली हवी. गोडाऊनच्या कठड्याआड, जिथून समोरची गच्ची दिसेल पण पाणी दिसणार नाही, म्हणजे पाण्यावरून उलटणारी लहर कठड्यालाच अडेल. साहेब: "अँटेना खाली? लोक हसतील." आणि स्वतः येऊन एक कनेक्टर पिळून गेले. पान्याने नव्हे, बोटांनी.

२० सोम.
लिंक तीन दिवस उत्तम. साहेब हवेत. "बघा, हात लागावा लागतो." हाजी म्हणतो, ह्या दिवसांत पाणी फार उतरत नाही, मासळीही नाही. ११ ला पौर्णिमा होती तेव्हा उतरलं, तसंच आता २६ च्या अमावस्येला परत उतरेल, त्याच वेळेला.
कागदावर लिहून दिलं: रविवारी २६ ला, दहाच्या आसपास लिंक जाईल. खाली सही केली, मोठी, पूर्ण नावाची. ही सही मी आनंदाने करतो.

२६ रवि.
१०.०५ ला गेली. ऑफिसात सगळे घड्याळाकडे, मग माझ्याकडे. साहेब: "योगायोग." अँटेनाला हात लावायची परवानगी नाही. रिपोर्ट तसाच टेबलावर, त्यात आता दोन्ही नावं, हाजीचं आणि माझं.
पाचला ऑफिस सुटलं, सरळ सनाबिस. परवानगी गेली उडत. हाजीने शिडी धरली. "यल्ला, यल्ला" करत मीटरमीटरने खाली घेतली, कठड्याआड घट्ट बसवली. हात सोलवटले. पण फार बरं वाटतंय.

२७ सोम.
साहेबांना सकाळीच सांगितलं, काल मी अँटेना खाली घेतली. चेहरा लाल. "तीस तारखेला बघतो तुम्हाला." म्हटलं, बघा, पण आधी पावणेअकराला लिंक बघा. आणि इकडे निघून आलो.
१०.४०. सनाबिसची गच्ची. पाणी बरंच मागे गेलंय, चिखल चमकतोय. हाजी टोपली घेऊन निघाला, खालून हात केला.
१०.५०. तो हद्र्यापाशी पोचला. लिंक गेली की वाजणारा गोडाऊनचा फोन अजून वाजलेला नाही.