ज्यानं तुमचा हात मोडला, त्याचा बोर्ड

बाबा, तुमचा उजवा हात ज्यानं मोडला तो माणूस मागच्या महिन्यात माझ्याकडे बोर्ड करून घ्यायला आला होता. त्यानं मला ओळखलं नाही. मी ओळखलं, त्याच्या भुवईवरच्या व्रणावरून. तो मीच केलेला.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यात त्या दोन भावांची वाटणी झाली होती आणि कापडाच्या दुकानाचं जुनं नाव दोघांनाही हवं होतं. धाकट्यानं बोर्ड रंगवायला तुम्हाला बोलावलं. तुम्ही शिडीवर, मी खाली रंगाचा डबा धरून. तुम्ही शेवटचं अक्षर भरताय आणि मोठा भाऊ लोखंडी सळाख घेऊन येतो. "उतर नीचे. ये नाम मेरा है." तुम्ही मान न वळवता म्हणता, "अक्षर पूरा होने दो भैया, फिर लड़ना." तो शिडी ओढतो. तुम्ही सडकेवर आपटता, आणि तो तुमच्या हातावर सळाख घालतो, एकदा, पुन्हा, पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू येतो. मी भरलेला डबा त्याच्या तोंडावर हाणते. लोकांनी त्याला धरून ठेवलं तरी मी त्याला लाथा मारतच होते. पुढे भावाभावांत समेट झाला, साक्षीदार फिरले, तो सुटला. तुमची बोटं काही सरळ झाली नाहीत.

मग तुम्ही खुर्चीत बसून मला शिकवायला लागलात, डाव्या हातात लाकडी पट्टी घेऊन. "अक्षरं काहून चेंगरून राहिली? रस्त्यावरचा माणूस गाडीवर असते, पोट्टी. त्याले एका नजरेत दिसलं पायजे." चुकलं की पट्टी बोटांच्या पेरांवर. पिवळ्यावर पांढरी अक्षरं काढली त्या दिवशी तुम्ही अशी थोबाडीत दिली की कानात कितीतरी वेळ शिट्टी वाजत होती, आणि मधे पडलेल्या आईला तुम्ही भिंतीवर ढकललं. मी पट्टी हिसकावली, गुडघ्यावर मोडली. "मले मारून तुमचा हात वापस येते का?" त्यानंतर तुम्ही मला कधी मारलं नाही. माझ्या कामाकडे पाहिलंही नाही, शेवटपर्यंत.

आता तो म्हातारा झालाय. मुलांनी वेगळं काढलं, म्हणून तेलीबांध्याला एक छोटं दुकान घेतलंय. माझ्यासमोर बसून म्हणाला, "दीदी, सब डाल दो. मेरा फोटो, भगवान का फोटो, दोनों नंबर, माल की पूरी लिस्ट." टेबलावर फ्लेक्स कापायची सुरी पडली होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मानेकडे पाहिलं, आणि हात मांडीखाली दाबून बसले. तो गेल्यावर वाटलं, सुरी कशाला, तो मागतो तसाच बोर्ड देऊ या. पिवळ्यावर पांढरं, अठरा ओळी, कोपऱ्यात देव. कोणालाच वाचता येणार नाही, दुकान आपोआप मरेल. तसा केलाही. दुपारभर स्क्रीनवर तो बघत बसले, आणि शेवटी पुसून टाकला. गडद निळ्यावर पांढरं नाव घेतलं, त्याखाली फक्त 'साड़ी और सूट', आणि चहूबाजूंनी मोकळी जागा सोडली.

"इतना खाली क्यों?" तो कुरकुरला.

"खाली है, तभी नाम दिखेगा."

बोर्ड चढला तेव्हा मी रस्त्यापलीकडून स्कूटरवर दोनदा जाऊन पाहिलं. वेग कमी न करता वाचता येतं. तो बाहेर येऊन वर बघत उभा होता. म्हणाला, "बहुत बढ़िया. किससे सीखा?" मी म्हटलं, "पिताजी से." कोण पिताजी, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

हे लिहून काढलं, तरी धाडायला पत्ता नाही. एवढंच कबूल करायचं होतं की त्यानं बढिया म्हटलं, तेव्हा मला खूप बरं वाटलं. तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, बाबा.