इलेक्ट्रॉनभोवतीची भिंत

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगाची पोलादी नळी मी कातली. तिची झाकणं मी बसवली. हे लिहितोय ते टेबलही माझंच. आणि सात वर्षं, कारखान्यातून आल्यावर रोज दोन तास, अणूतला एक इलेक्ट्रॉन खूप वरच्या पातळीवर चढवला तर त्याची ऊर्जा किती भरेल, याचं गणित मांडलं. शिकवायला कुणी नव्हतं. तेव्हा अठ्ठाविसाव्या पातळीपुढे माझे आकडे तुझ्या मोजणीपेक्षा जास्त येतात, हे मला सांगू नकोस. आधी यंत्र तपास. तुझी वहिनी म्हणते, बहिणीशी भांडण्यापुरतं त्राण बरं उरतं यांच्यात.

तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीनदा मोजलं. नळी तुझी, मग तिच्यात दोष निघेल कसा? आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना महिनाअखेर लेख पाठवायचाय. ते म्हणतात, वरच्या पातळ्यांना जुळवणीचा एक आकडा घाला, की गणित मोजणीवर बसलं. तुझं नाव छापून येईल रे. डिग्री नसलेल्याचं नाव इथे कोण छापतं? ते तुला थेट लिहिणार आहेत. एवढी एकदा मान तुकव. तुमच्या दोघांच्या मध्ये मीही दमले.

राग धर, पण पत्र धाड.
धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

चूक माझीच. गणित कुठेतरी थांबवावं लागतं, म्हणून सुरुवातीलाच अणूच्या मापाने दोन हजारांवर भिंत घातली होती. इलेक्ट्रॉन त्यापलीकडे जायचा नाही असं धरून. तेव्हा मी विसाव्या पातळीवर होतो. पण पातळी दुप्पट तर पसारा चौपट. विसावीला आठशे पुरतात, चाळिसावीला बत्तीसशे लागतात, आणि त्याबाहेरही थोडं शेपूट उरतंच, म्हणून अठ्ठाविसावीपुढेच ते भिंतीला टेकायला लागलं. वरचे इलेक्ट्रॉन बिचारे भिंतीवर आपटत होते, कोंडले म्हणून ऊर्जा फुगली. जन्मभर कारखान्यातल्या शिकाऊ पोरांना मापं शिकवली, आणि स्वतः थोरल्याला धाकट्याचा सदरा घातला. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, कळलं ना, मग आता झोपा.

भिंत सरकवून सगळं पुन्हा करायला चार महिने लागतील. लेख माझ्यावाचून जाऊ दे. तुझ्या यंत्राला बोललो, ते मागे घेतो.

माया आहे तशीच ठेव.
दादा

ता. क. चूक सापडली त्याच दिवशी साहेबांचं पत्र आलं. त्यांना मी ‘नाही’ म्हणून कळवलंय. त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. त्यांचं म्हणणं असं: जुळवणीचा आकडा घालून सगळं गणित आहे तसं त्यांच्या हवाली करायचं, लेखात दुसरं नाव माझं, आणि वर रोख अडीच लाख.