तिसरा सिगार

तीर्थरूप बाबांना लेकीचा वाकून नमस्कार.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला कसा आहे? आईसमोर बसून खरं काय ते लिहा.

तुमच्या मित्रांसाठी सिगार आणायला काल गेले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तसं सांगूनही टाकलं. म्हातारा दुकानदार म्हणाला, "ओढणाऱ्याला बसायला किती वेळ असतो, तेवढं सांगा." मग वकीलकाकांसाठी लांबलचक घेतला, त्यांचं बोलणं कुठे लवकर संपतं? औषधवाल्या काकांसाठी आखूड, ते दुकान उघडं टाकून येतात.

"आणि तिसरा?"

बाबा, तुम्ही तीन लिहिलेत. पण ओढणारे मित्र दोनच आहेत, मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. त्याला म्हटलं, "तिसऱ्यांनी दवाखान्यातून आल्यावर सोडलंय. ते नुसते शेजारी बसतात."

त्याने सिगारची एक रिकामी लाकडी पेटी दिली. ती तुमची. झाकण उघडून हवा तेवढा वास घ्या.

रागवायचं तर जरूर रागवा, पण स्वतःच्या हाताने लिहून. हात अजून थरथरतो का, ते मला अक्षरावरून कळेल.

तुमचीच,
थोरली