पास झालेल्याचा फॉर्म

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज शाळेत नववीचे गणिताचे पेपर तपासताना एका मुलीच्या गुणांची बेरीज मी चार वेळा केली, गठ्ठा बांधला, आणि सोडून पुन्हा केली. शेजारच्या मॅडम हसल्या. त्यांना काय सांगणार? घरी आले तरी बसवेना, म्हणून हे लिहितेय.

माझा बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा संख्याशास्त्रात बेचाळीस पडले होते. पेपर वाईट गेला होता, दोन प्रश्न मी सोडलेच होते. पण छापील कागदावर बेचाळीस होते आणि मी गप्प बसले. तुम्ही बाजारात झेंडूच्या पाट्या उतरवून थेट लॅमिनेशनच्या दुकानात गेलात. गुणपत्रक भिंतीवर टांगलंत आणि त्याला चांगला जाड हार घातलात. आई म्हणाली, "अहो, भिंतीवर हार कोणाला घालतात? पोरगी जिवंत हाय." तुम्ही हार काढलात, पण दिवसभर हसत होतात.

सात महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. एका प्रश्नाचे गुण चुकून दोनदा धरले गेले; सुधारित गुण सव्वीस, विद्यार्थिनी अनुत्तीर्ण, मूळ गुणपत्रक परत करावे. तोवर बी.एड.चं निम्मं वर्ष झालं होतं. मी पत्र वाचून दाखवतेय आणि तुम्ही चुलीपाशी बसला आहात, पायांना मळ्यातला चिखल तसाच. मी हळूच म्हणते, "अण्णा, त्यांचं बरोबर असेल. मी दोन प्रश्न सोडले होते." तुम्ही मान वर करत नाही. "बाजारात माल तोलून दिला की दिला. काटा त्यांचा व्हता, आपला नाय. सात महिन्यांनी येऊन फुलं परत मागतं का कोणी?" त्यानंतर मी तुमच्यापुढे तो विषय काढला नाही.

गंगापूर रोडच्या वकिलांकडे तुम्ही गुणपत्रक टॉवेलात गुंडाळून नेलंत. ते वाकवून बघत वकील म्हणाले, "काका, हे आता विद्यापीठालाही फाडता येणार नाही." मग त्यांनी समजावलं, की चूक मुलीची नाही, जाहीर निकालावर विसंबून तिने पुढचा प्रवेश घेतला, आणि निकाल बदलण्याआधी तिचं म्हणणं कोणी ऐकलं नाही. एवढ्यावर उच्च न्यायालयात जाता येईल. जाता जाता त्यांनी मला विचारलं, "पेपर कसा गेला होता?" उत्तर तुम्ही दिलंत, "चांगलाच." मी होकारार्थी मान हलवली. न्यायालयात तर तेवढंही कोणी विचारलं नाही. जाहीर झालेला निकाल कायम राहिला. नाशकात परत आलो तेव्हा स्टँडवर भेटेल त्या ओळखीच्याला तुम्ही सांगत होतात, "कोर्टानं पास केली माझी पोरगी." तुमचा आनंद खरा होता. मला मात्र ते वाक्य बोचत राहिलं.

पुढच्या परीक्षेचे फॉर्म निघाले तेव्हा दिंडोरीला मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी कॉलेजच्या ऑफिसात गेले, आणि त्या एकाच विषयाचा फॉर्म भरून खिडकीत दिला. क्लार्कने नाव वाचून चष्मा वर केला. "तुम्ही त्या कोर्टवाल्या ना? पास व्हायला कोर्टात गेलात, आता नापास व्हायला इथं आलात?" मागे कोणीतरी हसलं. मग तोच जरा नरमाईनं म्हणाला, "पास झालेल्याला परत बसता येत नाही, ताई. तुमचं तर हुकमानंच पक्कं झालंय." त्याने फॉर्म माझ्याकडे सरकवला.

हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही चिडला असता, म्हणून मी सांगितलं नाही, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. आणि मनाशी मी हेही धरून बसले होते, की मी परत बसायला तयार होते, त्यांनीच बसू दिलं नाही. हा कागद कुठे पोचायचा नाही, म्हणून लिहिता येतंय. फॉर्म भरला खरा, पण त्या विषयाचं पुस्तक मी उघडलंसुद्धा नव्हतं. क्लार्क नाही म्हणाला तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की बाहेर रसवंतीवर बसून मी उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यायले.