तुमचं पेन घेऊन आजऱ्याला

तात्या,

तुम्ही गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यायला गेलाय, तेवढ्यात मी आजऱ्याची एस.टी. गाठतोय. तिथल्या निवृत्तांच्या वसाहतीचा करार आणि शाळेनं निरोपाला दिलेलं तुमचं पेन माझ्याकडे आहे. दुसऱ्या पेनानं तुम्ही सही करत नाही, हे मला माहीत आहे.

कलम नऊ वाचलंत का? घराची किंमत एकदाच, पण सोयींची वर्गणी दरमहा. ती कितीही वाढवायचा हक्क कमिटीला. आणि माणूस गेला तरी घर दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत ती चालूच. म्हणजे तुम्ही वर, अन् खाली तुमच्या नावानं बॅडमिंटन. सोयींत दूधही आहे, बाटलीतलं. म्हशीची विचारपूस करून पेला तोंडाला लावणारे तुम्ही, बाटलीशी काय बोलणार?

वर्गणी कशाकशाची, किती वाढणार, कधी थांबणार, हे लेखी घेऊनच येतो. चेअरमन म्हणाले, “पावणं, विश्वास ठेवा की,” तर मी विश्वासावरच घर मागणार.

परवा दादा “घर लहान पडतंय” म्हणाला, ते वहिनीच्या बाळंतपणासाठी. तुम्ही ताटावरून उठलात, म्हणून पुढचं वाक्य राहिलं. ते एवढंच होतं, की माझी कॉट माळ्यावर न्यायची. ती नेली.

उत्तरं पटली आणि तरीही जायचं असलं, तर पेनात शाई भरून देईन, ट्रंकही उचलीन. पण रागाच्या भरात सही नको.

माळ्यावर ताठ बसता येत नाही, पण वर्गणी नाही. संध्याकाळी येतो. ताटावरची तुमची जागा सोडू नका.

नृसिंह