आबांनी सांगितलंय

मी, सर्जेराव रखमाजी गव्हाणे, वय ७४, धंदा शेती, राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही, कोणी फसवलेले नाही. फसवले ते मीच, आणि ते कलम तीनमध्ये येईल.

कलम १. माझी सर्व जमीन, विहिरीतील हिश्श्यासह, मुलगा माऊली यास. तो रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतो, शेतीतले त्याला कळत नाही, तरी विकू नये. विकलीच तर मी काही उठून येणार नाही. नदीवरची साडेसात एचपीची पाण्याची मोटर भंगारात घालावी. मागच्या चैत्रात भर दुपारी माझा नातू सत्यजीत, माऊली आणि स्नेहलचा मुलगा, त्या मोटरच्या शेडमध्ये दारू प्याला आणि तसाच भीमेत उतरला. सोळा वर्षांचा होता. तिथे मी पुन्हा गेलेलो नाही.

कलम २. चौकातील गाळा सून स्नेहल हिला. त्यात आमच्या भावकीतला हनुमंत भैरू गव्हाणे किराणा दुकान चालवत होता. काउंटरखाली दारू ठेवायचा, लायसन नव्हते, गावाला सगळे माहीत. मी तेव्हा तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. त्याची दारू बंद करणे आमच्याने झाले नाही. निदान लेकरांच्या हाती जाऊ नये म्हणून मी पदरच्या पैशाने पत्र्याची पाटी रंगवून आणली, "लहान मुलांना दारू, तंबाखू मिळणार नाही. हुकमावरून." आणि खरे ते लिहायला हवे, हनुमंताने ती पाळली. भल्याभल्यांची पोरे त्याने हात हलवत परत पाठवली. आता गाळ्याला कुलूप आहे. स्नेहलने तो चालवावा, विकावा नाहीतर पाडावा. पाटी माझ्या सरणावर टाकावी. जळणार नाही, तरी टाकावी.

कलम ३. हे स्नेहलसाठी.

तुझ्या थोरल्या मोनिकाच्या लग्नाची सुपारी फुटली त्या दिवशी दौंडची पाहुणे मंडळी आली होती. जेवणाआधी त्यांच्यातल्या दोघांनी मला बाजूला घेऊन पिण्याची सोय विचारली. मी जन्मात घोट घेतलेला नाही, पण आपण मुलीकडचे, नाही म्हणवेना. स्वतः जावे तर समितीचा अध्यक्ष काउंटरवर दिसणार. म्हणून मी सत्यजीतला धाडले. चौदाचा होता तेव्हा. पोरगं रिकाम्या हाताने परत आलं. म्हणालं, "हनुमंतकाका म्हणत्यात, पाटी वाच." पाहुणे ऐकत होते. मला लाज वाटली, आणि राग आला. मी म्हणालो, "त्याला म्हणावं, आबांनी सांगितलंय." लगोलग पिशवी आली.

पोरगं हुशार होतं, एकदा सांगितलेलं विसरत नसे. पुढे दोन वर्षे हनुमंताच्या दुकानातून माझ्या पाहुण्यांसाठी बाटल्या जात राहिल्या. ते पाहुणे माझ्या घरी कधी आलेच नाहीत.

सत्यजीत गेल्यावर मी भर चौकात हनुमंताच्या थोबाडीत मारली आणि चौकीत तक्रार दिली. नंतर एकटा गाठून विचारले, की बाबा, एकदा तरी मला फोन करायचास. तो म्हणाला, "येकदा माघारी धाडलं व्हतं की, आबा. तवा तुमी काय सांगून पाठवलं?" हे त्याने पोलिसांना सांगितले नाही. लोक त्याच्या दारावर थुंकून जातात, त्यांनाही नाही.

स्नेहल, तू मला रोज ताट वाढतेस आणि वाढता वाढता हनुमंताला तळतळाट देतेस. मी खाली मान घालून जेवतो. तो तळतळाट माझा आहे, बाई. दहा महिने तोंडाशी आलेले गिळत राहिलो. मी भित्रा आहे, म्हणून मेल्यावर सांगतो. मोनिकाने स्वतःला बोल लावू नये.

कलम ४. हनुमंतावरची माझी तक्रार खोटी नव्हती, अर्धी होती. या कागदाची नक्कल त्याच्या केसमध्ये द्यावी.

कलम ५. माझ्या माघारी या घरात माझे नाव सांगून कोणाकडून काही करून घेऊ नये, चांगले कामसुद्धा. दुकानदाराने लेकरू आले तर लेकराकडे बघावे, कोणी पाठवले ते विचारू नये. पण माझे कोण ऐकतो? परवा एसटी स्टँडच्या टपरीवर एक पोर म्हणाले, "मामांनी सांगितलंय." टपरीवाल्याने मान वर न करता कागदात बाटली गुंडाळून दिली. मी शेजारीच उभा होतो. कोणत्या तोंडाने बोलणार होतो? काही बदलत नाही, आणि माझ्या मरणाने बदलेल असेही वाटत नाही.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, सही केली.

ठिकाण: वडगाव रासाई
तारीख: १८ फेब्रुवारी २०२५
सर्जेराव रखमाजी गव्हाणे

साक्षीदार:
१. करुणा अंकुश शितोळे, अंगणवाडी सेविका
२. हनुमंत भैरू गव्हाणे

ता. क. करुणाबाईंनी मजकूर न वाचता सही केली, तशी रीतच आहे. हनुमंताने सगळा वाचला आणि पेन खाली ठेवला. म्हणाला, "नगं, आबा. शिव्या मी खातोय, खाऊ द्या. स्नेहलला निदान तुमी तरी ऱ्हावा." तासभर समजावले, तरी सही करेना. शेवटी मी म्हणालो, "हनुमंता, मी सांगतोय."

त्याने केली.